देवीचा वण, फिस्टुलाचा हात

हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतकडच्या साठी ओलांडलेल्या डायलिसिसच्या रुग्णाने बाह्या वर सारल्या, तर बहुधा दोन खुणा दिसतात. एका दंडावर पुसट झालेला खळगा, लहानपणी देवी काढल्याचा. दुसऱ्या हातावर फुगलेली शीर, बोट ठेवले की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथरणारी. हा फिस्टुला, डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेला. या दोन खुणांमध्ये लसीकरणाचा एक मोठा तुकडा गळून पडलेला आहे.

पहिल्या खुणेच्या बाबतीत मराठीने गंमत केली आहे. रोगाचे नाव देवी आणि टोचणीचेही देवीच. देवी ‘येतात’, आणि टोचणारा आला की त्या ‘काढतात’. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई. पटकीसाठी मरीआईचा गाडा होता. तो वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे पीडा पुढच्या गावाच्या गळ्यात. साथ पांगवण्याची ही तऱ्हा शेजारधर्माला धरून नव्हती, एवढे मात्र खरे.

देवीची लस भारतात पहिल्यांदा लागू पडली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. लस बगदाद, बसरा असा प्रवास करत आली होती. बर्फाच्या पेट्या नव्हत्या, तेव्हा मुलांचे दंड हीच तिची पेटी. एकाच्या फोडातले पाणी दुसऱ्याला टोचायचे, आठवड्याने त्याच्याकडून तिसऱ्याला. याच रीतीने ती पुणे, सुरत आणि हैदराबादकडे गेली. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात होती. पुढे इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी झाली, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोलीवर निजामाचेच राज्य राहिले. भारत देवीमुक्त जाहीर व्हायला १९७७ साल उजाडले. तोवर एक समजूत घट्ट बसली होती, की टोचणी म्हणजे पोरांचे काम.

ही समजूत मोठ्यांना महागात पडली ती फ्लूच्या बाबतीत. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणून ओळखली गेली. देशभरात किमान सव्वा कोट माणसे गेली असा अंदाज आहे. फ्लूचा माणसातला विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये, त्यामुळे १९१८ मध्ये लशीचा प्रश्नच नव्हता. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ मध्ये, अमेरिकेत सेल्विन कॉलिन्स यांनी मृत्यूंचे आकडे मांडले आणि एक विचित्र गोष्ट समोर आली. फ्लूच्या साथीत केवळ न्यूमोनियाचेच नव्हे, तर हृदयविकाराचेही मृत्यू वाढत होते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहा पट निघाला.

डायलिसिसवरच्या माणसासाठी हा हिशेब आणखी कडू आहे. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात पाणी साचते आणि हृदय ते ओढत राहते. त्याचे स्नायू जाड होतात, रक्तवाहिन्यांत चुना बसतो. त्यात ताप आला की नाडी धावते आणि रक्त गोठायला टेकते. या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू हृदयामुळेच होतात, संसर्ग त्याच्या मागोमाग.

पुढे आठ देशांत, त्यांत बांगलादेशही होता, हृदयविकाराचा झटका आलेल्या अडीच हजारांवर रुग्णांवर प्रयोग झाला. २०२१ मध्ये त्याचा निकाल आला. फ्लूची लस घेतलेल्यांत वर्षभरातले मृत्यू कमी होते. हे रुग्ण हृदयाचे होते, डायलिसिसचे नव्हेत. डायलिसिसवरच्यांबाबतचा पुरावा मुख्यतः रुग्णनोंदींतून जमला आहे, आणि त्याचा कलही तिकडेच आहे.

डायलिसिस आणि लस यांची गाठ मात्र आधी हृदयामुळे पडली नाही, ती काविळीमुळे पडली. १९६९-७० मध्ये एडिंबरोच्या डायलिसिस विभागात ‘ब’ कावीळ पसरली. रुग्ण दगावले, त्यांच्यावर उपचार करणारेही दगावले. लस आली, पण तिची किंमत भारतात सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि भाव कोसळले. निजामाची राजधानी हिंगोलीच्या कामी आली ती अशी, राज्य गेल्यावर अर्धशतकाने.

मूत्रपिंडे थकली की अंगाची प्रतिकारशक्तीही थकते. म्हणून या रुग्णांना काविळीच्या लशीची मात्रा दुप्पट देतात, बहुधा चार वेळा, आणि रक्त तपासून ती लागू पडली का ते पाहतात. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोहोचली ती २०११ मध्ये. आज डायलिसिसच्या खाटेवर असलेली पिढी त्याआधीच मोठी झाली होती.

सरकारी यादीत डायलिसिसचा रुग्ण ठळकपणे दिसला तो १ मार्च २०२१ रोजी. कोविड लशीसाठी ४५ ते ५९ वयाच्या लोकांकरिता वीस आजारांची यादी निघाली, तिच्यात त्याचा आजार होता. मोठ्या माणसांनी टोचणीसाठी रांगा लावल्या, आधार कार्ड हातात धरून. रांगेतल्या या रुग्णाने पुढे येताच आपण होऊन सांगायची गोष्ट एकच होती, की फिस्टुला या हाताला आहे, सुई त्या हाताला द्या. बहुतेकदा देवीचा वण असतो तो हाताचा वरचा भाग त्यासाठी पुढे येई.