मुल्कोवालची बाटली

१/८ परळची हाफकिन संस्था सर्वांना परिचित आहे. मात्र ज्यांचे नाव तिला लाभले, त्या वाल्डेमार हाफकिन यांना १९ मृत्यूंचा ठपका सोसून याच प्रयोगशाळेचे संचालकपद गमवावे लागले होते, हे क्वचितच सांगितले जाते. आजचा थ्रेड त्या प्रकरणाविषयी.

२/८ १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांसाठी मुंबईतून लस जाऊ लागली.

३/८ ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल गावी (आज पाकिस्तानात) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या १९ जणांची लस एकाच बाटलीतील होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

४/८ चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस निर्जंतुक ठेवण्यासाठी पूर्वी कार्बॉलिक अ‍ॅसिड वापरीत. हाफकिन यांनी त्याऐवजी उष्णतेवर भर दिला होता. समितीला हा बदलच घातक वाटला.

५/८ परंतु साक्षीपुराव्यांत एक बारीकसा तपशील होता. बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला.

६/८ धनुर्वाताचे जंतू मातीत बीजाणूरूपाने टिकून राहतात, आणि वरवरच्या जंतुनाशकाने ते मरत नाहीत. हा जंतू कितासातो यांनी १८८९ सालीच वेगळा करून दाखवला होता. शिवाय बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. ती उघडणाऱ्या डॉक्टरांना मात्र कसलाही वास आला नव्हता.

७/८ रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. ते भारतात परतले खरे, पण त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

८/८ साहाय्यकाला एकट्याला दोषी ठरवून हा प्रश्न मिटत नाही. जंतूंचे ज्ञान ग्रंथांत होते, प्रयोगशाळेत होते. गावच्या उघड्या जागेत, माणसांची रांग समोर असताना, चिमटा हाती धरणाऱ्यापर्यंत ते कितपत पोहोचवले गेले होते? समितीने कारखान्याची पद्धत तपासली, त्या हाताच्या प्रशिक्षणाकडे पुरेसे पाहिले नाही. आजही लसीकरणाचा इतिहास वाचताना शोधकाबरोबर त्या शेवटच्या हाताचाही शोध घ्यायला हवा.