विलिस्टन : तेलाची तेजी, लोकसंख्या आणि गुन्हे

विलिस्टन : अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील विल्यम्स काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या 29,160 (2020). मिसुरी आणि यलोस्टोन या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव 1887 मध्ये रेल्वेमुळे वसले आणि पुढची कित्येक वर्षे गव्हावर आणि गुरांवर जगले. आज त्याचे नाव निघते ते तेलासाठी. आणि बाहेरून माणसांचा लोंढा आला की लहान गावातल्या गुन्ह्यांचे काय होते, या वादात हमखास पुढे येणारे उदाहरण म्हणून.

या भागात तेल प्रथम 1951 मध्ये, जवळच्या टायोगाजवळ एका शेतात सापडले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोठी तेजी आली आणि ऐंशीच्या दशकात भाव कोसळल्यावर ती ओसरली. रस्ते आणि गटारे तयार, पण घरांचा पत्ता नाही, असे प्लॉट मागे राहिले आणि त्यांच्या कर्जाचा बोजा नगरपालिकेवर पडला. तरुण बाहेर पडत गेले. 1980 साली 13,336 असलेली वस्ती 2000 साली 12,512 वर आली. पुढच्या तेजीच्या वेळी गावातले जुने लोक आनंदापेक्षा संशयानेच तिच्याकडे पाहत होते, ते यामुळे.

ही पुढची तेजी बॅकन नावाच्या खडकाची. सुमारे तीन किलोमीटर खोल असलेल्या या थरात तेल आहे हे पूर्वीपासून माहीत होते. आडवे खोदकाम आणि दाबाने खडक फोडण्याचे तंत्र जुळून आल्यावर 2006 नंतर ते काढणे परवडू लागले. नेमके त्याच सुमारास, 2008 च्या मंदीत, उरलेल्या अमेरिकेत माणसे बेकार होत होती. टेक्सास, लुइझियाना, आयडाहो, मिनेसोटा अशा कुठून कुठून ती इथे आली, बहुतेक एकटे पुरुष. 2014 मध्ये राज्याचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांवर गेले. त्याच वर्षी एका खोलीच्या फ्लॅटचे सरासरी भाडे महिना सुमारे 2,400 डॉलर, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षाही जास्त, असल्याचे एका पाहणीत निघाले. हाताला काम, डोक्यावर छप्पर मात्र नाही, अशी अवस्था. वॉलमार्टच्या वाहनतळावर गाड्यांत आणि कॅम्परमध्ये माणसे मुक्काम ठोकत. एका लुथरन चर्चच्या पाद्र्याने अशांना चर्चच्या फरशीवर आणि आवारातल्या गाड्यांत झोपू दिले, तेव्हा शेजारी आणि भाविक दोघेही बिथरले. ही हकीकत ‘द ओव्हरनाइटर्स’ (2014) या माहितीपटात आहे. कंपन्यांनी माळरानावर तात्पुरत्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या. त्यांना ‘मॅन कॅम्प’ म्हणत.

गुन्हे वाढले का? वाढले. अमेरिकी न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2006 ते 2012 या काळात नॉर्थ डकोटा आणि मोंटॅनातील बॅकन पट्ट्यात पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या हिंसक गुन्ह्यांतील बळींचे प्रमाण 23 टक्क्यांनी चढले. आसपासच्या तेल नसलेल्या काउंट्यांत ते 8 टक्क्यांनी उतरले होते. गंभीर मारहाणीत 70 टक्के वाढ झाली. अनोळखी व्यक्तीकडून झालेल्या हिंसेचे प्रमाणही निम्म्याहून अधिक वाढले, आणि ज्या गावात हल्लेखोर बहुधा ओळखीचाच निघायचा तिथे हा आकडा जास्त बोचतो.

पण प्रमाण म्हणजे अपूर्णांक. त्यात छेदही पाहायला हवा. जनगणना माणसाची नोंद त्याच्या नेहमीच्या घरी करते. कॅम्पमध्ये आळीपाळीने राहणारा कामगार टेक्सासच्या खात्यावर, आणि त्याने बारमध्ये केलेली मारामारी विलिस्टनच्या. अशाने दर फुगतो. शिवाय आलेल्यांत तरुण पुरुषांचा भरणा, आणि हा वयोगट कुठल्याही समाजात मारण्यात आणि मार खाण्यात पुढे असतो. म्हणजे ‘उपरे आले, गुन्हे आले’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. दारू पिऊन झालेल्या हाणामारीत पडणारा पुष्कळदा दुसरा उपराच असे.

भीतीचे गणित वेगळे. जानेवारी 2012 मध्ये पलीकडच्या मोंटॅनातील सिडनी गावात सकाळी धावायला निघालेल्या एका शिक्षिकेचे अपहरण होऊन खून झाला. आरोपी दोघे, कामाच्या शोधात कोलोरॅडोहून आलेले. त्या एका घटनेने भीती घरोघरी पोहोचवली. प्रत्यक्षात तेलाच्या टँकरांनी भरलेल्या रस्त्यांवर राज्यात खुनांच्या कितीतरी पट माणसे मरत होती.

पोलिसांची अडचण संशोधक कॅरोल आर्चबोल्ड आणि सहकाऱ्यांनी या पट्ट्यात, स्थानिक बोलीत ‘द पॅच’मध्ये, घेतलेल्या मुलाखतींतून दिसते. पूर्वी गाडी थांबवली की आतला माणूस कुणाचा कोण, हे शिपायाला ठाऊक असे. आता नंबरप्लेट परराज्याची आणि चेहरा अनोळखी. मदतीचे फोन वाढले, पण भाडी पाहून नवे पोलीस यायला तयार होईनात.

हे सारे नवे नव्हते. वायोमिंगमधील गिलेट गावाच्या कोळसा-तेल तेजीवरून मानसशास्त्रज्ञ एल्डीन कोर्स यांनी 1974 मध्ये ‘गिलेट सिंड्रोम’ हा शब्द रूढ केला : दारू, घटस्फोट, नैराश्य, गुन्हे. पुढे 1982 मध्ये समाजशास्त्रज्ञांच्या एका गटाने असल्या अभ्यासांचे पुरावे तपासून ते तकलादू ठरवले. विल्यम फ्रॉयडनबर्ग यांनी मधली वाट काढली. त्यांच्या मते गावातले लोक एकमेकांना किती ओळखतात, याची घनता घटते आणि तिच्याबरोबर एकमेकांवरची नजरही जाते. विलिस्टनला हे स्पष्टीकरण सर्वांत नीट बसते.

सर्वांत कमी चर्चा झाली ती शेजारच्या फोर्ट बर्थोल्ड आरक्षित प्रदेशाची. मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या जमातींच्या या भूमीवरही तेलाच्या विहिरी आहेत. 1978 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार जमातीच्या न्यायालयांना आदिवासी नसलेल्या आरोपीवर फौजदारी खटला चालवता येत नाही. बाहेरच्या कामगाराने तिथल्या बाईला मारले, तर प्रकरण दूरच्या संघराज्य यंत्रणेकडे. 2013 च्या कायद्याने घरगुती हिंसेपुरती थोडी वाट मोकळी केली.

2014 च्या मध्यास शंभर डॉलरच्या वर असलेला पिंपाचा भाव 2016 च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेला. कॅम्प बंद करण्याचा निर्णय गावाने घेतला आणि भाडी उतरली. ऐंशीच्या दशकासारखे गाव मात्र रिकामे झाले नाही. एकटे आलेल्यांपैकी अनेकांनी बायका-मुले आणली, शाळांत वर्ग अपुरे पडू लागले, 2019 मध्ये नवा विमानतळ सुरू झाला. 2010 मध्ये 14,716 असलेले गाव दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाले होते. दक्षिणेकडच्या वॉटफर्ड सिटीची वस्ती त्याच काळात 1,744 वरून 6,207 झाली.