रेषेला लागलेली बोटे

इंग्रजी शिकताना 'टो द लाइन' हा वाक्प्रचार भेटतो. 'टो' म्हणजे पायाचे बोट. बोटे रेषेला लावून उभे राहणे, अर्थात ठरलेला नियम पाळणे. पुष्कळांना मात्र त्यात 'ओढणे' या अर्थाचा, तशाच उच्चाराचा दुसरा शब्द ऐकू येतो. मराठी माणसाची ही गल्लत अधिकच स्वाभाविक, कारण आपण दुसऱ्याची 'री' ओढतो!

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहातील गालिच्यावरच्या रेषांपासून हा प्रयोग निघाला, असेही सांगतात. त्याला आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खलाशी डेकच्या फळ्यांच्या सांध्याशी बोटे जुळवून हजेरीस उभे राहत, आणि शर्यतीत धावणारे एकाच रेषेवरून सुटत. हजेरीच्या रेषेत हुकूम आहे, शर्यतीच्या रेषेत न्याय. पुढे राजकारणाने त्यातला हुकूम तेवढा उचलला.

न्यायाचा अर्थ भिलाईचे रूळ पाहताना ध्यानी येतो. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. १९६० पासून येथे रूळ घडू लागले. मराठीत 'रूळ' म्हणजे लोहमार्ग, तसाच वहीवर रेषा आखण्याचा दांडाही. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील १,६७६ मिलिमीटरांचे अंतर मालगाडीला एक नि मंत्र्यांच्या गाडीला दुसरे, असे नसते.

श्रोतेहो, आखणाराही जिच्यावर उभा राहतो, त्या रेषेला बोटे लावण्यात कमीपणा नाही. तो स्वतः बाजूला उभा राहिला, की उरते ती केवळ री.