शेगडी, बंब आणि बंगळूरची थंडी

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथील हवेची ख्याती मोठी. तरी जानेवारी १८८४ मध्ये येथील पारा ७.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. जुन्या बाजारातून कोळशाची शेगडी वा बिडाचा स्टोव्ह घरी आणण्याची हौस आता आम्हां बंगळूरकर मराठी कुटुंबांतही दिसते. म्हणून या वस्तूंचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे वाटते.

१८०९ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली. छावणीतील बंगल्यांत भिंतीत बांधलेली आगटी आणि छपरावर निघणारे धुराडे असे. सगळी खोली ऊबदार करण्याची ही विलायती रीत. बिडाचा बंद स्टोव्ह याच रीतीतला. त्यात विस्तव दाराआड जळतो, तापलेले बीड खोलीला ऊब देते आणि धूर नळीवाटे बाहेर जातो.

आपली दृष्टी निराळी. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी माणसाचे या नगराशी नाते तेव्हापासूनचे. पण देशावर काय किंवा येथे काय, आपल्या घरांत खोली तापविण्याची चाल नव्हती. ऊब थेट माणसाला दिली जाई. स्नानाला तांब्याचा बंब, बाळंतिणीच्या शेकाला शेगडी, पांघरायला घोंगडी. बंबाच्या मधल्या नळीत कोळसे, गोवऱ्या, करवंट्या पेटत आणि भोवतीचे पाणी तापे. शेगडीला मात्र धुराडे नाही. कौलांच्या फटींतून आणि उघड्या चौकातून वारा खेळे, म्हणून ते निभावले.

आजच्या निवडीचे मर्म येथेच आहे. हवा अपुरी पडली की जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. फुललेला लोणारी कोळसा धूर करीत नाही, म्हणून निर्धोक वाटतो. फसगत होते ती तेथेच. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेल्यांचे बळी हिवाळ्यात जात असतात.

तेव्हा जुनी वस्तू घेताना तिचे रूप शेवटी पाहावे. स्टोव्हच्या बिडाला तडा नसावा, जाळी शाबूत असावी, दार घट्ट बसावे. धुराची नळी घराबाहेर काढता येत नसेल, तर तो पेटवूच नये. बंबात पाणी भरून सांधे तपासावेत; रिकामा पेटविल्यास डाखाचे सांधे उकलतात. शेगडीची जागा अंगणात. सदनिकेच्या बंद खोलीत तिला थारा नसावा.

बंगळूरच्या थंडीत घर तापविण्याची वेळ क्वचितच येते. आमच्यापैकी कित्येकांनी आजीचा बंब चिंचेने घासून दिवाणखान्यात ठेवला आहे, यात गैर काही नाही. मात्र ती नळी, ती जाळी आणि ती तोटी कशासाठी होती, हे नातवंडांना समजावून द्यावे. एरवी तो त्यांच्या लेखी तांब्याची एक मोठी फुलदाणीच ठरेल.