शेणाचे पाणी, चवदार तळे आणि वस्तीतला शेवटचा नळ

गुदैबियातील आपल्या घरांत नळाची तोटी फिरवली की पाणी येते. बहरीनच्या या बेटावर नदी नाही आणि पाऊस नावापुरताच पडतो. एके काळी हे बेट झऱ्यांवर जगले. समुद्राच्या तळातून उसळणारे गोडे पाणी पाणबुडे कातडी पखालींत भरून वर आणीत. पुढे झऱ्यांचा जोर ओसरला. १९७५ साली सित्रा येथील केंद्र आणि १९८४ साली रास अबू जर्जूर येथील केंद्र सुरू झाले, आणि खारे पाणी गोडे करून घरोघरी पोहोचवण्याची व्यवस्था रुजली. आज आपल्याला चिंता वाटलीच तर ती इमारतीच्या गच्चीवरील टाकी कधी धुतली, एवढ्यापुरती असते. पिण्यासाठी बाटलीबंद पाणी आणले की ती चिंताही मिटते.

आपल्या आजोबा-पणजोबांपुढे मात्र पाण्याचा प्रश्न या क्रमाने आला नाही. पाणी स्वच्छ आहे काय, हे विचारण्याआधी पाण्याला हात लावू देतील काय, हे त्यांना विचारावे लागे. हे दोन प्रश्न वेगळे मानण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. पहिला आरोग्य खात्याचा आणि दुसरा सामाजिक न्यायाचा, अशी वाटणी आपण करतो. इतिहास पाहिला तर ते दोन्ही एकाच प्रश्नाच्या दोन बाजू असल्याचे दिसते.

नऊ वर्षांचा भीम आणि दोन प्रकारचे पाणी

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी बालपणीच्या शाळेतील नळाची हकीकत नोंदवली आहे. स्पृश्य मुलाला तहान लागली तर तो शिक्षकांची परवानगी घेऊन नळावर जाई, तोटी उघडी आणि पाणी पिई. भीमरावाला केवळ परवानगी पुरेशी नव्हती. तोटी उघडण्यासाठी स्पृश्य माणूस लागे आणि ते काम शाळेच्या शिपायाकडे असे. शिपाई हजर नसेल त्या दिवशी तहान तशीच राही. नळ होता, त्याला पाणी होते, आणि ते बहुधा विहिरीच्या पाण्याहून निर्मळही असेल. तरीही त्या विद्यार्थ्यापुरता तो नळ कोरडाच होता.

त्याच टिपणात १९०१ सालचा प्रवास आहे. वडील गोरेगावला नोकरीस होते. भीमराव भावंडांसह त्यांना भेटायला निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. मुले महारांची आहेत हे कळताच बैलगाडीवाले मागे सरले, आणि दुप्पट भाडे देऊन मुलांनाच गाडी हाकावी लागली. जवळ खाण्याचे पदार्थ भरपूर होते, पण पाणी नव्हते. वाटेत जे मिळाले, त्यात गुराढोरांचे शेण आणि मूत मिसळलेले होते आणि त्याची दुर्गंधी असह्य होती. पुढे जकात नाक्यावरही पाणी मिळाले नाही. डबे भरलेले असताना मुले उपाशी झोपली. अन्न होते पण पाण्याअभावी ते खाता आले नाही, हा अनुभव बाबासाहेबांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

शेण आणि मूत मिसळलेले ते पाणी आपण लक्षात ठेवू या. सव्वीस वर्षांनी ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

महाड : ठराव, ओंजळ आणि एकशे आठ घागरी

पाणवठे खुले करण्याची आकांक्षा महाडच्याही आधीची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. मात्र सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे कायदेमंडळात मांडले गेले ४ ऑगस्ट १९२३ रोजी. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सरकारी आणि सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली करण्याची शिफारस मुंबई कायदेमंडळाने मंजूर केली. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळ्याच्या पायऱ्या आपल्या लोकांसाठी पूर्वीसारख्याच बंद राहिल्या.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांची दीर्घ मेहनत तिच्यामागे होती. परिषदेस आलेल्या हजारो लोकांसाठी पिण्याचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. चरित्रकार धनंजय कीर त्यासाठी चाळीस रुपयांचा आकडा देतात. शेजारी कायद्याने खुले असलेले विस्तीर्ण तळे होते आणि परिषद पाणी विकत घेत होती. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग लोक शिस्तीने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि परत फिरले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळातही घुसणार, अशी अफवा उठवण्यात आली आणि घरी परतणाऱ्या निःशस्त्र स्त्रीपुरुषांवर लाठ्या चालल्या.

पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. एकशे आठ घागरी मांडून दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांचे मिश्रण मंत्रोच्चारात तळ्यात ओतले गेले आणि पाणी पुन्हा पिण्यायोग्य झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मसूरच्या वाटेवर जे मिसळल्यामुळे पाणी एका मुलाच्या घशाखाली उतरेना, तेच महाडला तळे पवित्र करण्यासाठी वापरले गेले. या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता. पाण्यात काय मिसळले यावर कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो कोणाचा हात लागला यावर. शुद्धीची ही कल्पना मनुष्याच्या आरोग्याचे रक्षण करीत नव्हती. ती केवळ सामाजिक श्रेणीचे रक्षण करीत होती.

म्हणूनच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही आणि ते न पिता आजवर आपण मेलोही नाही. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला होता. डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला, आणि २५ डिसेंबर रोजी त्याच भूमीवर मनुस्मृतीचे दहन झाले. दावा महाडहून ठाण्यास आणि तेथून उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असे ठरवून वादींचे अपील फेटाळले. ओंजळभर पाणी पिण्याच्या हक्काला न्यायालयाची मान्यता मिळण्यास दहा वर्षांत तीन दिवस कमी इतका काळ लागला.

ओंजळीपासून नळापर्यंत

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा उल्लेख नावानिशी आहे. त्या शब्दांमागे महाड उभे आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. अनुसूचित जाती-जमातींचे लोक वापरीत असलेले पाणी घाण करून वापरास अयोग्य करणे, हाही अत्याचार ठरला. पाण्याची सुरक्षितता हा जातीचा प्रश्न आहे, हे कायद्यानेच मान्य केले.

हे कलम जुन्या काळासाठी नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील वेंगैवयल या लहान गावी मुले आजारी पडू लागली. दलित वस्तीला नळाने पाणी पुरवणाऱ्या उंच टाकीत मानवी विष्ठा आढळली. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्यांना चहाच्या दुकानात वेगळे पेले आणि मंदिरप्रवेशास बंदी असल्याचेही दिसले. जानेवारी २०२५ मध्ये तपास यंत्रणेने त्याच वस्तीतील तिघांवर आरोप ठेवले. वस्तीने ते अमान्य केले आणि केंद्रीय तपासाची मागणी पुढे आली. वाद काहीही असो, नळ दारात आला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, हे गृहीतक त्या टाकीने खोटे ठरवले.

महाराष्ट्रातील आपल्या गावांतही आता नळ आहेत. २०१९ पासून जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु नळाचे पाणी सुरक्षित ठेवणे हे रोजचे काम आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर योग्य प्रमाणात टाकतो काय, पावडरची पिशवी उघडी राहून तिचा क्लोरीन उडून गेला आहे काय, क्लोरीन मिसळल्यावर निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडले जाते काय, यावर सारे अवलंबून असते. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. आरोग्य खाते पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका.

येथे भूगोल आणि जात एकत्र येतात. गावात पाणी दिवसातून थोडाच वेळ सोडतात. नळ बंद असताना वाहिनी रिकामी होते, आणि कोठे गळती असेल तर शेजारच्या गटाराचे पाणी आत शोषले जाते. टाकीपासून जितके दूर जावे तितका दाब कमी आणि क्लोरीनही कमी. बहुतेक गावांत आपली वस्ती कोठे असते, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. ती गावाच्या कडेला, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असते. टाकीजवळच्या नळावर तपासणी केली तर गाव उत्तीर्ण होते. शेवटच्या नळावर केली तर खरे उत्तर मिळते. आज कोणी आपल्याला तोटीला हात लावू नको म्हणत नसेल, तरी तपासणीची बाटली वस्तीपर्यंत आलीच नाही तर त्या शाळेतील नळाचीच ही दुसरी आवृत्ती होय.

धम्माची शिकवण आणि आपले काम

तथागतांच्या संघात भिक्षूच्या आठ परिष्कारांमध्ये परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे साधन, समाविष्ट आहे. विहिरीवरील चांडाळकन्या प्रकृतीकडे आनंदाने पाणी मागितले तेव्हा तिने आपली जात सांगितली. त्यावर आपण जात नव्हे, पाणी मागितले आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पाणी गाळावे आणि जात विचारू नये, हे दोन्ही एकाच परंपरेने शिकवले. महाडच्या 'शुद्धीकरणा'ने नेमके उलट केले होते.

आपण दरवर्षी सुटीवर गावी जातो. विहारासाठी, पुतळ्यासाठी, जयंतीसाठी आपली वर्गणी जाते आणि ती जावी. त्यासोबत या वर्षी तीन प्रश्न ग्रामपंचायतीत विचारू या. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले? क्लोरीनची तपासणी आपल्या वस्तीतील शेवटच्या नळावर होते काय, आणि तिची नोंदवही पाहता येईल काय? आपल्या वाडीकडे येणारी वाहिनी गटारातून गेली आहे काय? जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच स्त्रियांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतील एक तरी भगिनी असावी, असा आग्रह ग्रामसभेत धरता येईल.

महाडच्या पायऱ्या उतरणाऱ्यांपैकी कित्येकांना त्या दिवशी तहान लागली नसेल. तरी ते पाणी प्याले. गावातील शेवटच्या नळाखाली तपासणीची बाटली धरणारा हात त्याच ओंजळीचा वारसदार आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.