चालती नौका आणि हातांतली विद्या



ऐतिहासिक वारशाचे जतन म्हटले की आपल्यापुढे किल्ले, शिलालेख आणि दप्तरखाने उभे राहतात. श्रमिकांची साधने मात्र काम संपताच सरपणात जातात. या दृष्टीने इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ‘अल्बियन’ या मालवाहू नौकेचा इतिहास मननीय आहे.

तेथील संथ, उथळ नद्यांतून ‘व्हेरी’ नावाच्या एकशिडी नौका धान्य, कोळसा व लाकूड वाहून नेत. १८९८ साली बांधलेली ‘अल्बियन’ ही त्यांपैकीच एक. सुमारे ४० टन माल वाहणारी ही नौका तांडेल आणि त्याचा साथीदार असे दोघेच चालवीत. डोलकाठीच्या बुंध्याशी जड वजन बसवलेले असल्यामुळे पूल येताच ती सहज आडवी करता येई आणि पूल ओलांडताच पुन्हा उभी राही. पुढे आगगाडीने आणि मग मोटारींनी मालवाहतूक हिरावून घेतली. शिडे उतरली, कित्येक नौका काठालगत बुडवून टाकण्यात आल्या.

१९४९ साली काही नागरिकांनी ‘नॉरफोक व्हेरी ट्रस्ट’ स्थापून ‘अल्बियन’वर पुन्हा शीड चढवले. आरंभी तिने खरोखरच माल वाहिला. तो व्यवहार परवडेना, तेव्हा ती प्रवासी नेऊ लागली. आजही स्वयंसेवक तिची निगा राखतात व तिला पाण्यावर चालवतात.

तिला छपराखाली ठेवणे सोपे होते. पाण्यातले लाकूड कुजते, फळ्या बदलाव्या लागतात, खर्च संपत नाही. तरीही हा मार्ग योग्य होय. कारण वाऱ्याचा वेग आणि पुलाचे अंतर जोखून डोलकाठी नेमकी केव्हा उतरवावी, हे ज्ञान ग्रंथात मावत नाही. ते जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. फळी बदलता येते. तुटलेली परंपरा सांधता येत नाही.

आपल्या गोवा-कोकणच्या खाड्यांतूनही पडाव आणि मचवे माल वाहत. रस्ते झाले, पूल झाले. ती वाहतूक ओसरली. तिच्याबरोबर नाळ, परबाण, डोलकाठी हे शब्दही नित्याच्या बोलण्यातून मागे पडले. भाषेच्या अभ्यासकाला ही हानी लाकडाच्या हानीइतकीच मोठी वाटते. आपल्या गावांत जे वृद्ध तांडेल अद्याप आहेत, त्यांच्याकडून ती विद्या आणि ते शब्द विचारून घेण्याचे कार्य या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य हाती घ्यावे.