दुतर्फा वृक्षांचे मार्ग : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

मार्गाच्या दुतर्फा वृक्ष लावणे हे भारतात प्राचीन काळापासून पुण्यकर्म मानले गेले आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मार्गांवर वड लावल्याचा उल्लेख असून त्यांची छाया पशू व मनुष्य या दोहोंसाठी असल्याचे म्हटले आहे. या धर्मभावनेस व्यवहाराचाही आधार होता. पायी अथवा बैलगाडीने जाणाऱ्यास सावलीवाचून मार्ग कंठणे दुष्कर होई. त्या वड, पिंपळ, उंबरांच्या फळांवर हरियल, तांबट व वटवाघळे यांचाही निर्वाह होत असे. परंतु तो वृक्षारोपणाचा हेतू नव्हे, आनुषंगिक फल होते.

पुण्याच्या उत्तरेकडील व वायव्येकडील प्रदेशात या व्यवस्थेचा ऱ्हास स्पष्ट दिसतो. चिंचवड हे नाव लोकव्युत्पत्ती चिंच व वड या वृक्षांशीच जोडते. १८३० मध्ये बोरघाटाचा मार्ग गाड्यांस खुला झाला आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ व १९८२ मध्ये महानगरपालिका, अशा क्रमाने उद्योगनगरी वाढली; कालांतराने चाकणही तिच्या कक्षेत आले. मोटारीस सावलीची गरज नसल्याने वृक्षाचा जुना कैवारी नाहीसा झाला व कडेचा वड अडथळा ठरला. पुणे-नाशिक मार्गाच्या रुंदीकरणात असे अनेक जुने वृक्ष तोडले गेले.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. वृक्षांची अखंड रांग पक्ष्यांस व वटवाघळांस उपयोगी पडते; भूचर प्राण्यांस ओढे, नदीकाठ व मार्गाखालील मोऱ्याच अधिक सोयीच्या. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका कारखान्यात बिबट्या शिरला, तेव्हा वस्ती व वन्यजीवन यांच्या सीमा येथे किती पुसट झाल्या आहेत, हे प्रत्ययास आले. म्हणून हरितमार्गाची योजना केवळ वृक्षारोपणाने पूर्ण होत नाही. इंद्रायणी व पवना यांचे काठही तीत समाविष्ट व्हावयास हवेत. कोलंबियातील मेडेयीन नगरीने २०१६ पासून रस्ते व जलप्रवाह यांना एकत्र घेऊनच असे मार्ग उभारले आहेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ पासून बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका आहेत. बस थोड्या रुंदीत पुष्कळ माणसे नेते. वाचलेली रुंदी वृक्षांस देता येते. शिवाय थांब्यावर उन्हात तिष्ठणारा प्रवासी आणि देहूहून आकुर्डीमार्गे पायी जाणारा वारकरी यांना सावली आजही हवीच आहे. जुन्या वृक्षराजीस बैलगाडीचा वाटसरू राखीत होता. नव्या वृक्षराजीचे रक्षण हेच दोघे करू शकतील. पांथस्थाच्या गरजेशी जोडलेला वृक्षच मार्गावर टिकतो, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.